नमुन्याची फोड

फळवाल्याच्या घरची पोरं फळांत लोळत असतील असं लोकांना वाटतं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणींना तर वाटायचंच, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करण्याच्या भानगडीत पडले नाही. खरी गोष्ट अशी, की आमच्या घरात धड, अख्खं, देखणं फळ कधी आलंच नाही. चांगला माल दुकानात, डागी माल घरी, हा आमच्या आजोबांपासून चालत आलेला कायदा. संध्याकाळी बाबा घरी येताना वेताची पाटी घेऊन येत. दिवसभरात गिऱ्हाइकांनी दाबून, पाडून, नाक मुरडून बाजूला टाकलेलं सगळं तिच्यात असे. एका अंगाने बसलेला पेरू, देठाशी काळं पडलेलं केळं, पोटात आंबलेला चिकू. आई ओट्याखाली पाट घेऊन बसायची आणि छोट्या सुरीने डाग काढत जायची. तिचा हात इतका सराईत होता की ती आमच्याशी बोलत असायची, दारावर आलेल्या बाईला उत्तर देत असायची, आणि सुरी आपली डागाभोवती बरोबर फिरत असायची. जे उरे ते आम्ही खात असू. पुढे एकदा सिव्हिल लाइन्समधल्या एका मैत्रिणीच्या घरी तिच्या आईने माझ्या हातात अख्खं सफरचंद ठेवलं, तर मी ते फिरवून फिरवून डाग शोधत बसले. नाही सापडला तेव्हा हे खायचं कुठून हेच मला कळेना.

घर जबलपूरच्या गढा भागातल्या एका बोळात आणि दुकान मदन महल स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आजोबा काटोलकडून संत्र्यांच्या पेट्या घेऊन जबलपूरला यायचे, तसेच एकदा आले आणि परत गेले नाहीत. त्यामुळे दुकानात हिंदी, घरात मराठी आणि भांडण लागलं की दोन्ही, अशी आमची भाषा. घराच्या मागच्या कोठडीत पेंढा भरलेला असे, आणि उन्हाळ्यात त्या पेंढ्याचा, पिकत्या केळ्यांचा आणि कूलरच्या ओल्या वाळ्याचा मिळून एक वास घरभर भरून राही. तो माझ्या वह्यांनाही यायचा. कूलर रेल्वेसारखा धडधडायचा आणि वारा नसला की स्टेशनवरची घोषणा आमच्या माजघरात ऐकू यायची. कुठली गाडी किती उशिरा येते आहे ते आईला भाजी फोडणीला टाकता टाकता ठाऊक असे. बाबांचा आवाज मात्र घरी ऐकूच यायचा नाही. दिवसभर दुकानात ओरडून ते घरी आले की गप्प बसत. दुकानात त्यांची ख्याती होती ती एका गोष्टीची. आंबट संत्र्याला ते कधी गोड म्हणत नसत. ‘खट्टा है, माताजी, आज मत लीजिए,’ असं सांगून ते गिऱ्हाईक परत पाठवायचे, आणि ते गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडेच यायचं. निदान मी लहान होते तोवर यायचं.

माझा मोठा भाऊ, नितीनदादा, त्या दुकानात बसणार हे तो जन्मला तेव्हाच ठरलं होतं. तो बसलाही काही दिवस. मग शहरात ते मोठं थंडगार दुकान उघडलं, जिथे भाजी-फळं काचेआड धुक्यात ठेवलेली असतात, आणि दादा तिथल्या फळांच्या विभागात नोकरीला लागला. हिरवा टी-शर्ट, छातीवर नावाची पट्टी. बाबांनी त्याला अडवलं नाही. रागावलेही नाहीत. फक्त त्या दिवसापासून दुकानातल्या दोन स्टुलांपैकी एक स्टूल त्यांनी उलटं करून फळीखाली सरकवून ठेवलं. दादा वाईट मुलगा नव्हता, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे, कारण आमच्या नातेवाइकांत पुढे त्याच्याबद्दल बरंच काही बोललं गेलं. रिकाम्या दुकानात बसून रस्त्याकडे बघत राहणं त्याला जमलं नाही, इतकंच. मला तरी जमलं असतं का, कोण जाणे. मुलगी म्हणून मला कोणी विचारलंच नाही.

त्या उन्हाळ्यात दादाला त्याच्या साहेबांनी भोपाळच्या नव्या शाखेत जाशील का म्हणून विचारलं. त्याने ते आम्हाला जेवताना सांगितलं. बाबा वरणात भात कालवत होते, ते कालवतच राहिले. मग दादा म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता, की संत्र्या-केळ्यांवर आता दुकान चालत नाही, लोक घरबसल्या फोनवर मागवतात. बाबांनी विचारलं, मग काय ठेवू, तूच सांग, तू तर मोठ्या दुकानातला. दादा हसत म्हणाला, ॲव्होकॅडो ठेवा. सिव्हिल लाइन्सच्या बायका येतात त्या तेच विचारत येतात. आई आणि मी हसलो. तसलं नावच आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. बाबा हसले नाहीत.

“आन ठेवलं तर?” त्यांनी विचारलं. “तू बसशील दुकानात?”

दादाचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, “चाललं तर बसीन, बाबा.”

तो थट्टेत बोललेला शब्द बाबांनी धरला तो असा. मला तेव्हाच वाटलं होतं की हे व्हायचं नाही. दादालाही वाटलं असणार. पण बाबांच्या तोंडावर किती तरी दिवसांनी काही तरी उमटलं होतं, ते पुसायला कोण जाणार?

नागपूरच्या ओळखीच्या आडत्याला सांगून बाबांनी ट्रॅव्हल्सच्या बसने पहिली पेटी मागवली. आम्ही सगळे भोवती बसून ती उघडली. आत कागदाच्या वाट्यांमध्ये एकेक हिरवं, खरखरीत सालीचं, दगडासारखं फळ. वास काहीच नाही. बाबांनी एक नाकाशी धरलं, कानाशी धरून हलवलं, टिचकी मारली. कलिंगड वाजवून आतला रंग सांगणारा माणूस, पण ह्या फळाने त्यांना काही म्हणजे काही सांगितलं नाही. दादाने त्याच्या दुकानातून एक छापील कागद आणला होता, त्यावर फळ कसं कापावं, पावावर कसं लावावं याची चित्रं होती. बाबांनी तो चष्मा लावून वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानाच्या अगदी पुढच्या फळीवर, जिथे पूर्वी संत्र्यांचा मनोरा असे, तिथे ती हिरवी फळं मांडून ओरडायला लागले, “मलाई है, बहनजी! पेड़ पे लगने वाली मलाई!”

लोक थांबायचे, हे खरं. कोणी विचारायचं, भैया, ये कैरी है क्या. कोणी म्हणायचं, नाशपाती का भाई है. आणि प्रत्येक जण ते दाबून बघायचा. बाबा कुणाला फळ दाबू देत नसत, वास घ्या म्हणायचे, पण याला वास नव्हता आणि दाबल्याशिवाय ते पिकलं की नाही हे कळायला दुसरा मार्गच नव्हता. जितकी माणसं दाबून जायची तितके अंगठे त्याच्यावर उमटायचे, आणि प्रत्येक अंगठ्याखाली आत एकेक काळा डाग धरायचा. एक भला माणूस विकत घेऊन गेला, त्याच्या बायकोने त्याची बटाट्यासारखी रस्साभाजी केली, आणि तो दुसऱ्या दिवशी परत येऊन शांतपणे म्हणाला की सगळी कढई कडू झाली. बाबांनी त्याला बदल्यात पपई दिली.

आणि मग संध्याकाळच्या पाटीतून ते फळ आमच्या घरी यायला लागलं. आईने पहिल्या दिवशी सुरी घेतली तेव्हा तिचीच फजिती झाली. बाकीच्या फळाचा डाग काढला की खाली फळ उरतं. याचा डाग काढला की खाली आणखी डाग. जे काही उरलं त्याचं तिने भरीत केलं, कारण साल जाड होती आणि तिला वांग्याची आठवण झाली असावी. गॅसवर भाजलं, सोललं, कांदा-मिरचीची कडकडीत फोडणी घातली. आम्ही पहिला घास घेतला आणि एकमेकांची तोंडं बघत बसलो. इतकं कडू, की कारल्याने त्याच्या पाया पडावं. दुसऱ्यांदा तिने ते डाळीबरोबर कुकरला लावलं आणि डाळही गेली. शेवटी दादानेच सांगितलं की आई, याला विस्तव दाखवायचा नसतो. तेव्हा आई म्हणाली, “मंग असं सांग ना की हे खायचंच नसते. शिजवायचं नाही, गोड नाही, आंबट नाही. काहून आणलं मंग?”

पण ती हार मानणारी बाई नव्हती. तिने खलबत्त्यात हिरवी मिरची, लसूण, भाजलेले शेंगदाणे आणि मीठ जाडसर कुटलं, त्यात तो गर घालून नुसता दोनदा बत्ता फिरवला, वरून लिंबू पिळलं, आणि ज्वारीच्या गरम भाकरीवर थापून आमच्यापुढे ठेवलं. ते आम्हाला आवडलं. म्हणजे ठेचा आवडला, आणि त्याच्या आगीवर कोणी तरी गार हात ठेवल्यासारखं वाटलं. मग तिने कांदा-टमाटरची कोशिंबीर केली, फोडणी वेगळ्या पळीत करून पूर्ण निवू दिली आणि मगच ओतली. थंड दूध, साखर आणि वेलदोडा घालून घुसळलं, ते तर शेजारच्या घरीही गेलं. मी आज माझ्या स्वयंपाकघरात जे करते ते सगळं हेच आहे, आईचं. माझी मुलगी मोबाइलवर बघून त्याचे काय काय प्रकार करते, पण मी तिला सांगते त्या गोष्टी मोजक्याच. देठाजवळ अंगठ्याने अलगद बघायचं, पोटावर नाही. देठाशी किंचित नमलं की त्याच दिवशी खायचं, उद्यावर टाकायचं नाही. उभं गोल चिरून दोन्ही हातांनी उलटसुलट फिरवायचं, म्हणजे ते आपसूक उघडतं. लिंबू लगेच, नाही तर बघता बघता काळवंडतं. आणि मीठ हवंच, मिठावाचून साबणाची वडी चघळल्यासारखं लागतं. बाकी मग पावाला लावा, भाकरीला लावा, नाही तर ओट्याशी उभं राहून चमच्याने खा. मी उभ्यानेच खाते.

हे सगळं खरं, पण तेव्हा आमच्यापैकी कोणीच, अगदी कोणीच, ते फळ चांगलं असताना खाल्लं नव्हतं. आमच्या वाट्याला येई ते दाबलेलं, उतरलेलं, ज्याची चव आईच्या मिरचीनेच झाकायची. पेरू डागी असला तरी पेरूच लागतो, त्यामुळे बाबांना आपल्या सगळ्या मालाची चव माहीत असायची. याची नव्हती. चांगलं फळ कापून स्वतः खावं हे त्यांच्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं, चांगलं ते गिऱ्हाइकाचं. आणि तरी ते दिवसभर ‘मलाई, मलाई’ म्हणून ओरडत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते न चाखलेल्या मालाची हमी देत होते. घरी येऊन ते आणखीच गप्प बसायला लागले.

भोपाळचं उत्तर द्यायची वेळ जवळ येत चालली तेव्हा बाबांनी ठरवलं की लोकांना नुसतं सांगून उपयोग नाही, खायला घालायचं. दुसरी पेटी मागवली. रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले की रविवारी सकाळी या, खाऊन बघा, आवडलं तर घ्या. बँकेत बदलून आलेल्या, पुण्याच्या एक मॅडम होत्या, त्यांना तर त्यांनी मराठीत आग्रहाने सांगितलं. पेटीतली फळं नेहमीसारखी दगड होती. ती रविवारपर्यंत पिकवायची होती, आणि पिकवणं हे तर आमच्या घराण्याचं काम. बाबांनी मागच्या कोठडीत अढी लावली. पेंढ्याचा थर, त्यावर फळं, मध्ये पिकत्या केळ्यांच्या फण्या, वर पुन्हा पेंढा आणि त्यावर गोणपाट. आंबे असेच पिकत आले होते, आजोबांच्या काळापासून. दादा दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला की बाबा, याला आमच्याकडे अढी लावत नाहीत, आणि केळी तर जवळही ठेवत नाहीत. बाबांनी वर न बघता उत्तर दिलं, “तुमच्याकडे पिकवत नाही रे. तुमच्याकडे गारठवून झोपवून ठेवतात.” दादा पुढे काही बोलला नाही. त्याने बोलायला हवं होतं असं आई पुढे कितीदा तरी म्हणाली, पण त्या कोठडीत बाबांना फळ पिकवायला शिकवणार कोण?

आंबा समजूतदार असतो. अढीत एक आज पिकतो, दुसरा उद्या. ही फळं मात्र त्या केळ्यांच्या संगतीने आणि मे महिन्याच्या जबलपुरी उन्हाने एकदम, सगळीच्या सगळी, गुरुवारी पिकून बसली. सकाळी बाबांनी गोणपाट उचललं आणि बोटांच्या पाठीने एकेक फळ बघत गेले. आई म्हणाली की अहो, आजच बोलवा ना सगळ्यांना. पण ती रस्त्यावरची माणसं, त्यांना कुठे शोधायचं? बाबा म्हणाले, रविवार सांगितला आहे, माणसं रविवारी येतील. आमच्या लहानशा फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याच्या आजूबाजूला मावतील तितकी कोंबली, बाकीची ओल्या गोणपाटावर कूलरसमोर मांडली. त्या तीन दिवसांत घरात कूलरच्या समोर माणूस बसलं नाही. त्या गुरुवारी त्यातलं एक जरी आम्ही कापून खाल्लं असतं, तरी त्याची खरी चव आम्हाला कळली असती. पण ती सगळी चांगली होती, एकाही फळावर डाग नव्हता. मग खाणार कशी?

रविवारी आईने पाव तव्यावर भाजून डब्यात भरले, मी ते दुकानात पोचवले. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता. फळीवर स्टीलच्या ताटल्या, काळं मीठ, जिरेपूड, चिरलेली लिंबं. दादाची ड्यूटी दुपारची होती, म्हणून तो टी-शर्ट घालूनच आला आणि बाबांच्या मागे उभा राहिला. उलटं ठेवलेलं स्टूल बाबांनी त्या दिवशी काढून, पुसून त्याच्यासाठी ठेवलं होतं. तो बसला नाही. माणसं आली, खरंच आली, इतकी की रस्त्यावर स्कूटर उभ्या राहिल्या. बँकेच्या मॅडम आल्या. बाबांनी पहिलं फळ घेतलं, चित्रातल्यासारखं गोल चिरलं, फिरवलं, उघडलं. आत राखेच्या रंगाचा गर आणि त्यात काळे दोरे. बाबांनी ते बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. मग तिसरं. वरून हिरवंगार, आत तेच. कोणी तरी हसलं, कोणाच्या तरी लेकराने नाक दाबलं. कुठे कुठे कडेला थोडा हिरवा भाग शिल्लक होता. दुसरा कोणी असता तर त्याने तेवढाच कापून, वर मीठ-मसाला मारून खपवला असता. बाबांनी सुरी खाली ठेवली आणि म्हणाले, “अच्छा नहीं है. मत लीजिए.”

बँकेच्या मॅडमना वाईट वाटलं असावं. त्या पुढे होऊन मराठीत, अगदी मायेने म्हणाल्या, “असू द्या काका. पण मला सांगा, चांगलं असतं तेव्हा कसं लागतं हो हे?”

बाबांनी हात पुसले. मला वाटलं आता ते म्हणतील, मलाई. कितीतरी दिवस म्हणत होतेच की.

“मी खाल्लं नाही, मॅडम,” ते म्हणाले. “चांगलं मी कधी खाल्लंच नाही.”

मॅडमनी केळी घेतली आणि गेल्या. बाकीचेही गेले, काही जण बिचारे उगाच काही तरी घेऊन गेले. रस्ता मोकळा झाला. दादाने ती कापलेली, न कापलेली फळं पाटीत भरली, ताटल्या पुसल्या, आणि दुपारच्या ड्यूटीला गेला. ते स्टूल तसंच सुलटं राहिलं. मी त्याच्यावर बसले नाही, बाबांनीही मला बस म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी दादाने सांगितलं की मी भोपाळला हो म्हटलं आहे. बाबा म्हणाले, बरं केलं. आई मात्र खूप रडली, आणि रडता रडता त्या काळ्या फळांचा ठेचा कुटत राहिली, कारण टाकून द्यायचं आमच्या घरात कोणाच्या हाताला माहीतच नव्हतं. पुढचे किती तरी दिवस आम्ही ते खाल्लं. तो ठेचा आता कडू लागत होता, मिरचीलाही ते झाकता येईना.

दादा ज्या दिवशी गेला त्या दिवशीची सकाळ मला नीट आठवते. भोपाळची गाडी सकाळची होती. आईने पुऱ्या आणि लोणचं बांधून ठेवलं होतं. बाबा उजाडताच दुकान उघडायला गेले होते, ते मध्येच घरी परत आले, हातात एक फळ. त्या दुसऱ्या पेटीतलंच होतं ते. पेटी घरी आणण्याआधी दुकानात उघडून बघताना घरंगळून वजनकाट्याच्या मागे, पपयांच्या कागदांत जाऊन पडलं होतं. त्याला अढी लागली नव्हती, केळ्याची संगत लागली नव्हती, कोणाचा अंगठा लागला नव्हता. ते आपलं आपण, कोणी काही न करता, पिकलं होतं. बाबा खाली बसले, मांडीवर ताटली घेतली, गोल चिरलं आणि फिरवलं. आत कडेला हिरवा आणि मध्ये पिवळा, लोण्यासारखा तुकतुकीत गर. डाग नाही, दोरा नाही. आई सवयीने सुरी घेऊन पुढे सरकली होती, ती सुरी तशीच हातात धरून बघत राहिली.

बाबांनी एका फोडीवर मीठ भुरभुरलं, लिंबू पिळलं, चमचा खोवला आणि दादापुढे केली. दादा म्हणाला, आधी तुम्ही घ्या. बाबांनी चमच्याच्या टोकाने एवढासा गर घेतला. त्यात चावण्यासारखं काही नसतं, तरी ते बराच वेळ चावत राहिले.

“खोटं नव्हतो बोलून राहिलो मी,” ते म्हणाले.

त्यांना खोटं कोणी म्हटलंच नव्हतं. दादाने मान हलवली आणि बाकीची सगळी फोड खाल्ली, सालीला चिकटलेलंही खरवडून खाल्लं, जसं आम्ही लहानपणी आंब्याची कोय चोखायचो तसं. “मस्त आहे, बाबा. आमच्या दुकानात असं नसते,” तो म्हणाला. ते खरं होतं की बापासाठी होतं, मी आजवर त्याला विचारलं नाही. पण एवढं मला त्या क्षणी कळलं, की ते फळ बाबा म्हणत होते तसंच होतं, आणि ते तसं असल्याने आता काहीही बदलणार नव्हतं. पिशव्या दारात होत्या. पुढे वर्षभरात दुकानही गेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

दुसरी फोड ताटलीत होती. आईने ती माझ्याकडे सरकवली. मी चमचा उचललाही होता.

“राहू दे, बाई,” बाबा म्हणाले. “नमुन्याला ठेवतो. कोणी विचारलं तर दाखवता येईल.”

त्यांनी तिच्यावर लिंबू पिळलं, ती स्टीलच्या वाटीत ठेवली, वर ओलं फडकं घातलं. दादाला गाडीत बसवून ते तसेच वाटी घेऊन दुकानात गेले, आणि दिवसभर ती पुढच्या फळीवर, लोकांना दिसेल अशी, ठेवून बसले. मी दुपारी डबा द्यायला गेले तेव्हा ऊन फळीपर्यंत आलं होतं आणि त्या उन्हाबरोबर वाटीही त्यांनी जरा जरा मागे सरकवली होती. कोणी विचारलं का, असं मी विचारलं नाही.

संध्याकाळी पाटी घरी आली. दोन बसके चिकू, एक फुटलेली पपई, आणि त्यांच्यावर ती वाटी. फोड काळी पडून आत बसली होती. आईने पाट घेतला, सुरी घेतली आणि डाग काढायला बसली. वरचा काळा थर काढला, तर खाली काळंच. तो काढला, तर खाली आणखी. सुरी फिरत राहिली. डाग काढता काढता फोड संपली.